सव्वा किलोला किती वेळ

किती वेळ ठेवू, हेमलता विचारते जिन्यात उभी राहून,
हातातला मोबाइल म्हणतो पंचेचाळीस मिनिटं.
मी म्हणते, आधी तुझा काटा खरं बोलतो का बघ.

अंबडला मी दिवसभर हेच करते,
दुसऱ्यांच्या काट्यांना खरं बोलायला लावते.
भट्ट्यांचे, बॉयलरचे, लसींच्या कपाटांचे काटे.
हिरवं लेबल, खाली माझी सही,
पुढची तपासणी सहा महिन्यांनी.
घरच्या ओव्हनला लेबल नाही.
दोनशेवर लावला तर एकशे बहात्तर देतो
आणि लाल दिवा लावून साळसूद बसतो.

म्हणून सव्वा किलोच्या कोंबडीला
माझ्याकडे दीड तास. तुझं मला काय माहीत?
फ्रिजमधून कधी काढलीस?
पोटात कांदा कोंबलास का?
दार किती वेळा उघडून बघशील?
दर वेळचे धर पाच मिनिटं जास्त.
डिसेंबरात, नाशकात, सकाळी नऊ अंश असताना
सात धर.

पप्पांना यातलं काही लागायचं नाही.
नाताळच्या पहाटे परात डोक्यावर घेऊन
शरणपूर रोडनं हनीफभाईंच्या बेकरीत.
दही, आलं-लसूण, आईचा काळा मसाला,
वर केळीचं पान, परातीच्या कडेला खडूनं ‘कसबे’.
किती वेळ लागंल?
हनीफभाई म्हणायचे, पाव निघाले की कोंबडी आत,
तुमची उपासना सुटली की बाहेर.
एका वर्षी पाळकसाहेबांचा उपदेश लांबला
आणि कोंबडी कोळशाजवळ पोचली.
पप्पांनी पहिला घास घेतला, म्हणाले,
शास्त्राप्रमाणे झाली आहे.
मी आणि अनुग्रह हसून हसून पाटावरून पडलो होतो.

अनुग्रह आज येतोय.
चार वर्षांनी.
पप्पांची खोली विकली तेव्हा तो जे बोलला
आणि मी जे बोलले
त्याचं तापमान कुणी घेतलं नव्हतं.

साडेबाराला पोचतो म्हणाला,
म्हणून अकराला ठेवली.
सव्वाबाराला फोन : नांदूर शिंगोट्याला आहे,
टायर गेलाय, जेवून घ्या तुम्ही.
जेवून घ्या!
मी काटा शंभरावर आणला,
म्हणजे खरा किती, देव जाणे,
कोंबडीवर झाकण घातलं
आणि ओट्याशी खुर्ची ओढून बसले.

सुई घालायची ती मांडीच्या जाड भागात.
चौऱ्याहत्तर आलं की झालं.
पण हाडाला टेकू द्यायची नाही, हेमलता,
हाडाला टेकली की सुई भलतंच सांगते.
वाटलं तर सुरीनं टोच.
पाणी गुलाबी आलं तर थांब,
नितळ आलं तर काढ.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो दारात.
केस पिकलेत. हाताला टायरचं काळं.
साबण कुठंय, म्हणाला. तिथंच आहे, म्हटलं.
मग परात बाहेर काढली,
कडेचा खडू कधीच गेलेला.
त्यानं सुरी उचलली, मी हात धरला :
लगेच नाही कापायची.
पंधरा मिनिटं तशीच राहू दे,
नाहीतर सगळा रस पाटावर येतो.

तर पंधरा मिनिटं.
समोरासमोर, मध्ये कोंबडी.
तो ओव्हनकडे बघत राहिला.
तू एवढी साऱ्या गावाचे काटे तपासतेस,
यावर लेबल का नाही?
मी म्हटलं, याची चूक मला पाठ आहे.

तेवढ्यात खालून हेमलताची हाक :
ताई, आत गुलाबीच आहे हो अजून!
परत ठेव, मी ओरडले, वीस मिनिटं!
पंचवीस ठेवा, अनुग्रह ओरडला,
माझ्यापेक्षा मोठ्यानं,
आणि दार उघडू नका!